धीर आणि निवारा

नागोठण्याच्या माणसाला मुंबई नवी नाही. पूर्वी अंबेच्या खाडीतून मचवे जात, पुढे हमरस्ता आणि रेल्वे आली. पण कॅन्सरच्या उपचारासाठी परळला निघालेल्याची वाट वेगळी असते. त्याला मिळत आलेल्या धीरालाही इतिहास आहे, आणि माझ्या मते तो शब्दांपेक्षा निवाऱ्याचा आहे. १९३१ मध्ये टाटा उद्योगघराण्यातल्या मेहरबाई टाटा रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. त्यांच्या स्मृतीतून १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले. उपचाराची सोय झाली, पण किरणोपचार आठवडेच्या आठवडे चालतात. दिवसा मशीनखाली जाणाऱ्या परगावच्या माणसाने रात्री पाठ टेकायची कुठे? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागांनी ही अडचण ओळखली. अशा ठिकाणी नवख्याला खरा धीर देतो तो शेजारच्या अंथरुणावरचा, चौथी केमो झालेला: तोंड आलं तर गार पेज घ्या, ताप आला तर लगेच डॉक्टरांना सांगा, फाइल हातची सोडू नका.

कुणी म्हणेल, बरे करते ते औषध, धीर नव्हे. खरेच आहे. धीराने गाठ विरघळत नाही, आणि 'मन खंबीर ठेवलं की झालं' असे म्हणणे म्हणजे बरे न होणाऱ्याच्या माथी दोष मारणे. ते क्रूर आहे. पण औषध पुरते घेतले तरच त्याचा उपयोग. मुक्काम, जेवण, सोबत यांचे हाल झाले की माणूस उपचार अर्ध्यावर टाकून गाव गाठतो. खारघरला टाटा मेमोरियलचे केंद्र झाल्याने नागोठण्याचे अंतर कमी झाले, हेलपाटे मात्र उरलेच. म्हणून उपचाराला निघालेल्याला 'काही होत नाही' म्हणण्यापेक्षा 'मंगळवारी मी येतो सोबत, डबा घेऊन' हे सांगणे मला अधिक खरे वाटते.