युद्धबंदीचे दिवस : १९४८

आपल्या घरांतून फिलस्तीनची कहाणी बहुधा एकाच वाक्यात सांगितली जाते : अरब राजांनी दगा दिला आणि मुलूख गेला. या वाक्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण ते अपुरे आहे. १९४८ चे युद्ध तारीखवार पाहिले, तर त्याचा निकाल तोफांइतकाच तोफा थंड असतानाच्या दिवसांनीही लावला, असे दिसते.

१४ मे १९४८ रोजी इस्राएलची घोषणा झाली आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या अरब राज्यांच्या फौजा आत शिरल्या. महिनाभरात दोन्ही बाजू थकल्या. संयुक्त राष्ट्रसंघाचे मध्यस्थ, स्वीडनचे काउंट बर्नाडोट यांनी ११ जूनपासून चार आठवड्यांची युद्धबंदी घडवून आणली. या काळात कोणीही लष्करी बळ वाढवू नये, अशी अट होती. ती कागदावरच राहिली. इस्राएलने चेकोस्लोव्हाकियातून शस्त्रे आणली, भरती वाढवली, फौजेची घडी बसवली. अरब फौजांची मदार ब्रिटिश शस्त्रांवर होती आणि शस्त्रबंदी मानून ब्रिटनने पुरवठा थांबवला होता. जॉर्डनच्या अरब लीजनजवळ दारूगोळ्याची चणचण होती. त्यातच कैरो आणि अम्मान यांचा एकमेकांवर भरवसा नव्हता.

अशा स्थितीत युद्धबंदीची मुदत वाढवून घेणे अरबांच्याच हिताचे होते. त्यांनी मात्र नकार दिला. इजिप्तच्या फौजेने तर मुदत संपण्याची वाटही न पाहता ८ जुलैला हल्ला चढवला. हुदैबियाचा तह आपल्याला तोंडपाठ असतो. वरकरणी कमीपणाच्या वाटणाऱ्या अटी मान्य करण्यातही शहाणपण असू शकते, हा त्याचा धडा त्या जुलैत कोणाला आठवला नाही.

पुढच्या दहा दिवसांत लुद, रमला आणि नासिरा ही शहरे इस्राएलच्या हाती गेली. लुदमध्ये अरब लीजनची जेमतेम एक तुकडी होती. ती निघून गेली. १२ जुलैला रहिवाशांना हाकलण्याचा आदेश निघाला. त्यावर यित्झाक राबिन यांची सही होती, ज्यांना पुढे १९९४ मध्ये शांततेचे नोबेल मिळाले. लुद व रमला मिळून पन्नास ते सत्तर हजार माणसे बेघर झाली. लुदची माणसे कडक उन्हात पायी रामल्लाहकडे निघाली. रमजानचा महिना होता. कित्येकांनी वाटेत तहानेने प्राण सोडले.

१८ जुलैला दुसरी युद्धबंदी आली. निर्वासितांना घरी परतण्याचा हक्क असला पाहिजे, असे बर्नाडोट यांनी आपल्या अहवालात नोंदवले. १७ सप्टेंबरला जेरुसलेममध्ये ‘लेही’ या ज्यू अतिरेकी संघटनेच्या माणसांनी त्यांना गोळ्या घातल्या. ११ डिसेंबरला राष्ट्रसंघाने १९४ क्रमांकाच्या ठरावात तो हक्क मान्य केला. अंमल आजवर झालेला नाही.

ठरावाआधीच ही युद्धबंदीही मोडली होती. १५ ऑक्टोबरला इस्राएलने नेगेवमध्ये मोहीम उघडली. २१ तारखेला बीरशेबा पडले. फलूजा येथे सुमारे चार हजार इजिप्शियन सैनिक वेढ्यात अडकले. त्यांत गमाल अब्दुल नासर हा तरुण अधिकारी होता. फेब्रुवारी १९४९ मध्ये ऱ्होड्सला शस्त्रसंधी झाली, तेव्हाच ते बाहेर पडले. कैरोतल्या राजवटीविषयीचा संताप घेऊन नासर परतला आणि १९५२ मध्ये ती राजवट त्याने व त्याच्या साथीदारांनी उलथवली.

१९७३ मध्ये, पुन्हा रमजानातच पेटलेल्या युद्धात, हेच घडले. २२ ऑक्टोबरला सुरक्षा परिषदेने युद्धबंदी पुकारली. दोन्ही बाजूंनी ती मोडल्याचे आरोप एकमेकांवर केले आणि पुढच्या दोन दिवसांत सुएझजवळ इजिप्तच्या तिसऱ्या सेनेभोवतीचा वेढा पूर्ण झाला.

युद्धबंदी म्हणजे शांतता नव्हे. ती मिळालेली सवड असते; तिचे काय करायचे हे ज्याला ठाऊक असते, त्याच्याच पदरी ती पडते. १९४८ मध्ये सवड मोजणारे सारे सत्ताधीश होते. सुमारे सात लाख निर्वासितांना वाटाघाटींच्या टेबलावर खुर्ची नव्हती. दगा झाला असेल तर तो आधी त्यांचा झाला आणि तो करणारे एकाच बाजूचे नव्हते. ही कहाणी आपल्या मुलांना सांगताना आपण एवढे तरी सांगायला हवे.