सुवर्णतास
'सुवर्णतास' म्हणजे गंभीर दुखापतीनंतरचा पहिला तास; ही कल्पना बाल्टिमोरचे शल्यचिकित्सक आर. ॲडम्स काउली यांनी रूढ केली आणि भारतात मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, 2019 ने तिला कायदेशीर व्याख्या दिली, तरी साठाव्या मिनिटाची काटेकोर सीमा संशोधनाने सिद्ध झालेली नाही. मुदत आजारानुसार बदलते : मेंदूच्या रक्तवाहिनीतील गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, अंतर्गत रक्तस्राव मात्र तेवढी उसंत देत नाही. ही मुदत गाठता येणे रुग्णालयाच्या अंतरावरही अवलंबून असते : भोपाळच्या साकेत नगरात 2012 पासून असलेले एम्स रुग्णालय तिथल्या रहिवाशांना हाकेच्या अंतरावर आहे. बैतूल जिल्ह्यातील मराठीभाषक गावांतून येणाऱ्या रुग्णाचे मात्र काही तास रस्त्यातच जातात, म्हणून त्याच्या बाबतीत रुग्णवाहिकेच्या वेगाइतकेच वाटेतल्या उपचारांना महत्त्व येते.