दोन भिंगांचे घराणे

आजऱ्याचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला उजेडाची किंमत सांगावी लागत नाही. आषाढात आंबोलीकडून ढग उतरले, की हिरण्यकेशी दुथडी भरून वाहते, रामतीर्थाचा घोष दूरवर ऐकू येतो आणि कौलारू घरांच्या माजघरांत भर दुपारी दिवा लावावा लागतो. अशाच एका दुपारी भाच्याने मला कोड्यात टाकले. तो लग्नकार्यातली छायाचित्रे काढतो. एका हंगामाची शिल्लक त्याने बाजूला ठेवली होती आणि आपल्या बिनआरशाच्या, म्हणजे ज्याला सारे मिररलेस म्हणतात त्या सोनी कॅमेऱ्यासाठी तो नवे भिंग घेणार होता.

"मामा, दोन लेन्स आहेत. एक पंचावन्नची, एक-पॉइंट-आठ. दुसरी पन्नासची, एक-पॉइंट-चार. दुसरीला पैसे दीडपट पडतात. कोणती घेऊ?"

त्याने दाखवलेल्या कागदावर दोन नावे होती : पहिल्यावर 'सोनार' आणि दुसऱ्यावर 'प्लानार'. सोनार हे नाव वाचून आपल्याकडच्या माणसाला भट्टी आणि फुंकणी आठवावी, पण त्याचे मूळ सूर्य या अर्थाच्या जर्मन शब्दात आहे. ही दोन नावे म्हणजे दोन घराणी आहेत. त्यांचा वाद शंभर वर्षांचा आहे आणि तो कळल्यावाचून माझ्या भाच्याला उत्तर देता येण्यासारखे नव्हते.

छायाचित्रणाच्या जन्मापासून माणूस उजेडासाठी भुकेला आहे. १८३९ साली दागेरची कृती जगापुढे आली, तेव्हा भिंगे इतकी मंद होती की समोरच्या माणसाला मिनिटेच्या मिनिटे निश्चल बसावे लागे. पुढच्याच वर्षी व्हिएन्नाचे गणिती योसेफ पेट्झवाल यांनी नुसत्या आकडेमोडीच्या बळावर ३.६ चे भिंग रचले. हा आकडा म्हणजे भिंगाच्या केंद्रांतराला त्याच्या झरोक्याच्या व्यासाने भागून येणारे उत्तर. आकडा लहान, तर झरोका मोठा. पेट्झवालच्या भिंगाने मिनिटांचे काम सेकंदांवर आणले आणि माणसाचा चेहरा छायाचित्रात आला.

१८९६ साली झाइस कारखान्यातील पाउल रुडॉल्फ यांनी प्लानार रचला. झरोक्याच्या दोन्ही बाजूंना आरशातल्या प्रतिबिंबासारखी सारखी मांडणी, एकूण सहा काचा. रचना देखणी, पण तिला एक शाप होता. काच आणि हवा जिथे भेटतात तिथे दर वेळी चार-पाच टक्के उजेड परत फिरतो. प्लानारमध्ये असे आठ पृष्ठभाग होते. परतलेला उजेड आत भटकत राही आणि चित्रावर धुके पसरे. बुद्धीने अचूक असलेली गोष्ट कारागिरीच्या उणिवेने कशी अडून बसते याचे हे उदाहरण आहे. तिला चाळीस वर्षे वाट पाहावी लागली.

त्या चाळीस वर्षांत दुसरे घराणे उदयाला आले. लुडविग बेर्टेले हा विशीतला तरुण. १९२३ साली त्याने एर्नेमान कंपनीसाठी 'एर्नोस्टार' हे २ चे भिंग रचले. त्याची पुढची आवृत्ती १.८ ची. हे भिंग लावलेला एर्मानॉक्स कॅमेरा घेऊन एरिक सालोमान या जर्मन ज्यू छायाचित्रकाराने न्यायालयांत आणि मुत्सद्द्यांच्या परिषदांत, दिव्यांच्या अपुऱ्या उजेडात, माणसे जशी असतात तशी टिपली. जांभई देणारे मंत्री जगाला प्रथमच दिसले. पुढे १९४४ मध्ये आउशविट्झच्या छळछावणीत त्याचा अंत झाला. काळोखात पाहायला शिकवणाऱ्या माणसाला काळोखानेच गिळले.

बेर्टेलेने पुढे झाइससाठी सोनार रचला. १९३२ च्या काँटॅक्स कॅमेऱ्याबरोबर तो २ आणि १.५ अशा दोन रूपांत आला. युक्ती साधी होती. १.५ च्या रूपात सात काचा एकमेकींना चिकटवून त्यांचे तीनच गट केले, म्हणजे हवेला भिडणारे पृष्ठभाग उरले सहा. धुके कमी झाले आणि सोनार जिंकला.

पण विजय टिकला नाही. १९३५ मध्ये झाइसच्याच स्माकुला यांनी काचेवर अतिसूक्ष्म लेप देण्याची रीत काढली आणि परत फिरणारा उजेड आवरला गेला. प्लानारचा शाप फिटला. मग आला आरसा. १९५९ च्या निकॉन एफसारख्या कॅमेऱ्यांत भिंग आणि फिल्म यांच्या मध्ये आरसा हलायचा, त्यामुळे भिंग फिल्मपासून साडेशेहेचाळीस मिलिमीटर दूर बसवावे लागे. सोनारची पाठ फिल्मला जवळजवळ टेकलेली असते, त्याला ही जागा सोडता येईना. प्लानारच्या घराण्याला येत होती. पुढची अर्धी शतकभर पन्नासच्या बहुतेक वेगवान भिंगांत प्लानारचेच रक्त वाहिले. गुणाने नव्हे, जागेने निकाल लागला.

२००८ पासून आरसा पुन्हा हटू लागला. २०१३ मध्ये सोनीने पूर्ण आकाराचा बिनआरशाचा कॅमेरा काढला, तेव्हा हे अंतर अठरा मिलिमीटरवर आले आणि त्याच वर्षी सोनारचे नाव पन्नाशीच्या आसपास परतले. २०१६ मध्ये प्लानारही आला. नावे जुनी, अंतरंग मात्र नवे : सोनारमध्ये सात काचा पाच गटांत, प्लानारमध्ये बारा काचा नऊ गटांत. वजने अनुक्रमे २८१ आणि ७७८ ग्रॅम.

आपल्या कोल्हापूरलाही ही उजेडाची भूक ठाऊक आहे. बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या साहाय्याने कॅमेरा स्वतः जुळवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणली. 'सिंहगड'च्या वेळी, १९२३ मध्ये, रात्रीच्या प्रसंगासाठी त्यांनी कृत्रिम दिवे वापरले. दिवे आणायचे की भिंग मोठे करायचे, हा प्रश्न छायाचित्रकाराला जन्मापासून चिकटलेला आहे. जिथे दिवा लावल्याने प्रसंगच मोडतो, तिथे भिंगावाचून गती नाही.

हे सारे सांगून मी भाच्याला हिशोब करायला लावला. १.४ मधून १.८ पेक्षा सुमारे १.६५ पट उजेड येतो. सालोमानच्या काळी एवढा फरक म्हणजे चित्र मिळणे आणि न मिळणे यांतले अंतर होते, कारण काचपट्टीची संवेदनशीलता बदलता येत नसे. आज कॅमेऱ्यातला आकडा १६०० वरून सुमारे २६०० केला की तो फरक भरून निघतो. थोडी रवाळी वाढते एवढेच. उलट झरोका पूर्ण उघडला तर नाकाचा शेंडा स्पष्ट आणि कान धूसर व्हायचा. शिवाय मुहूर्तापासून वरातीपर्यंत अर्धा किलो ओझे मनगटाला जास्त. ज्याला पार्श्वभूमी पार विरघळलेली हवी, त्याने प्लानार घ्यावा. तो त्याच्या पैशाचा आहे. सर्वांना एकच उत्तर नाही.

त्याने सोनार घेतला. उरलेल्या पैशांतून घराच्या कौलांची डागडुजी झाली. त्या भिंगाने पहिले चित्र त्याने लग्नाचे काढले नाही. माझी आई, त्याची आजी, माजघराच्या खिडकीशी घनसाळ तांदूळ निवडत बसली होती. फ्लॅशचा लखलखाट झाला की ती पदर ओढून घेते, म्हणून ओळखपत्रावरच्या चौकोनापलीकडे तिचे छायाचित्र घरात नव्हते. बाहेर पाऊस पडत होता. तिला कळलेही नाही.

चित्रात सूप आहे, तिची बोटे आहेत आणि खिडकीतून आलेला तेवढाच उजेड आहे, जेवढ्यात ती सत्तर वर्षे काम करत आली.