अमीन सयानी : पत्रांतून श्रोते जोडणारा निवेदक

भोर आणि वेल्हे (आता राजगड) हे पुणे जिल्ह्यातील तालुके सह्याद्रीच्या रांगांत वसले आहेत. रोहिडा, रायरेश्वर, तोरणा, राजगड यांच्या आडोशाच्या खोऱ्यांत एफएमचे प्रक्षेपण सहज पोहोचत नाही. या लहरी सरळ रेषेत जातात व डोंगर त्यांना अडवतो. लघुलहरींचे तसे नसते. वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परावर्तित होऊन त्या हजारो किलोमीटर दूर उतरतात. त्यामुळे शहर असो वा डोंगरकपारीतील वाडी, लघुलहरींचा संच असेल तेथे कोलंबोचे 'रेडिओ सिलोन' ऐकता येत असे. या केंद्राच्या हिंदी सेवेचा सर्वांत परिचित आवाज मात्र मुंबईचा होता. तो आवाज म्हणजे अमीन सयानी.

भाषेचे संस्कार

सयानी यांचा जन्म २१ डिसेंबर १९३२ रोजी मुंबईत झाला. त्यांच्या मातोश्री कुलसुम सयानी प्रौढशिक्षणाचे कार्य करीत. नवसाक्षरांसाठी त्या 'रहबर' हे पाक्षिक देवनागरी, उर्दू व गुजराती अशा तीन लिप्यांत प्रसिद्ध करीत. या कामात मदत करताना अमीन यांना सोप्या हिंदुस्थानीचे वळण लागले. थोरले बंधू हमीद सयानी यांनी त्यांना आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर नेले. सुरुवात इंग्रजी कार्यक्रमांपासून झाली. हिंदीच्या ध्वनिचाचणीत मात्र उच्चारांवर गुजराती व इंग्रजीची छाप असल्याच्या कारणावरून आपल्याला नाकारण्यात आले होते, असे ते सांगत.

'गीतमाला'चा उदय

१९५२ मध्ये पुण्याचे डॉ. बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे ते कट्टर पुरस्कर्ते होते. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते सिलोनकडे वळले. ३ डिसेंबर १९५२ रोजी 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. लेखन, निवेदन, निर्मिती आणि पत्रांची छाननी या साऱ्या कामांसाठी सयानी यांना आठवड्याला २५ रुपये मिळत. ध्वनिमुद्रण मुंबईत होई आणि फिती कोलंबोला रवाना होत.

आरंभी हा कार्यक्रम स्पर्धेच्या स्वरूपाचा होता. सात गाणी ऐकवली जात व श्रोत्यांनी त्यांचा योग्य क्रम लावायचा असे. बक्षीस १०० रुपयांचे होते. पहिल्याच भागाला सुमारे ९,००० पत्रे आली. पुढे हा आकडा आठवड्याला ६५,००० पर्यंत गेला. एवढी पत्रे तपासणे अशक्य झाल्याने स्पर्धा बंद करून गाण्यांना लोकप्रियतेनुसार क्रम देण्यास प्रारंभ झाला. या क्रमाला त्यांनी 'पायदान', म्हणजे पायरी, हा शब्द रूढ केला. केवळ तबकड्यांच्या विक्रीवर विसंबून न राहता ठिकठिकाणच्या श्रोता संघांची पसंतीही विचारात घेतली जाई. आपले मत मोजले जाते, हा विश्वास हेच या कार्यक्रमाचे खरे बळ होते.

श्रोत्यांशी नाते

'बहनों और भाइयों' या संबोधनात त्यांनी भगिनींना अग्रस्थान दिले. अवघड शब्द टाळून, समोर बसलेल्या माणसाशी गप्पा माराव्यात तसे ते बोलत. सभेतील भाषणाचा थाट त्यात नसे. ऐकणारा एकटा असो वा पारावर एकाच संचाभोवती जमलेला घोळका असो, प्रत्येकाला ते आपल्याशीच बोलत आहेत असे वाटे. ज्या उच्चारांमुळे चाचणीत नकार मिळाला, ते त्यांनी परिश्रमपूर्वक घडवले; मात्र भाषा जडबोजड होऊ दिली नाही.

१९८९ मध्ये 'गीतमाला' आकाशवाणीच्या 'विविध भारती' सेवेवर आली व १९९४ पर्यंत चालली. पुढेही काही काळ ती नव्या रूपात प्रसारित झाली. जाहिरातपर कार्यक्रम, ध्वनिफिती आणि परदेशांतील केंद्रांसाठीची निर्मिती अशी त्यांची कामगिरी विस्तृत होती. २००९ मध्ये त्यांना 'पद्मश्री'ने गौरवण्यात आले. २० फेब्रुवारी २०२४ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

खासगी एफएम वाहिन्यांच्या काळात श्रोता दूरध्वनीवरून किंवा संदेशाद्वारे निवेदकाशी क्षणात संपर्क साधू शकतो. सयानी यांच्या काळी त्यासाठी पोस्टकार्ड लिहून उत्तराची वाट पाहावी लागे. तरीही हजारो लोक दर आठवड्याला लिहीत राहिले, कारण ते पत्र कोणीतरी वाचणार, याची त्यांना खात्री होती.