सहा किलोंचा खर्ज

ज्यांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्यांना एक गोष्ट नक्की आठवत असेल. बटण फिरवलं की आवाज लगेच यायचा नाही. आधी पट्टीमागचा दिवा लागायचा, मग पाठीमागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून नारिंगी उजेड दिसू लागायचा, आणि काही सेकंदांनी निवेदकाचा आवाज दुरून चालत आल्यासारखा वर यायचा. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं एके काळी हे व्हॉल्व्ह आपल्याकडेही बनवले. पुढे ट्रान्झिस्टर आला. तो हलका होता, स्वस्त होता, बटण दाबताच बोलणारा होता. व्हॉल्व्ह माळ्यावर गेले, आणि जगभर असंच झालं. पण गिटार आणि बास गिटार वाजवणाऱ्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून मात्र व्हॉल्व्ह कधीच पूर्णपणे हटले नाहीत. आज अशाच एका अ‍ॅम्प्लिफायरची गोष्ट सांगायची आहे. तो अमेरिकेत तयार होत असे. त्याचं उत्पादन थांबलं, तरी वाजवणारे काही त्याला सोडायला तयार नाहीत.

बास गिटार म्हणजे चार जाड तारांचं वाद्य. चित्रपटगीतात ते असतंच, पण आपलं लक्ष गायकाकडे असल्यामुळे ते सहसा जाणवत नाही. काढून टाकलं की मात्र गाण्याखालची जमीनच गेल्यासारखी वाटते. त्याच्या सगळ्यांत जाड तारेचा मूळ स्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा. इतका खालचा स्वर मोठ्यानं ऐकवणं हे कठीण काम आहे, आणि या गोष्टीतली सगळी धडपड त्यासाठीच आहे.

सुरुवात होते उभ्या बासपासून. माणसाहून उंच असं हे लाकडी वाद्य जमिनीवर एका खुंटीवर टेकवून वाजवतात. १९४० च्या दशकात अमेरिकेतले जाझचे ताफे मोठे झाले, ट्रम्पेट आणि ड्रम्सच्या गदारोळात बिचाऱ्या बासवाल्याचं काही ऐकूच येईना. एव्हरेट हल नावाच्या एका बासवादकानं त्यावर युक्ती काढली. त्यानं त्या खुंटीच्या वरच्या टोकाला, वाद्याच्या पोटात, मायक्रोफोन बसवला. आवाज मोठा करणारी खुंटी, म्हणून इंग्रजीत ‘अ‍ॅम्प्लिफाइड पेग’. त्याचंच आखूड रूप ‘अ‍ॅम्पेग’, आणि तेच पुढे त्याच्या कंपनीचं नाव झालं.

हल हा जुन्या वळणाचा माणूस. वाद्याचा आवाज जसा आहे तसाच, पण मोठा यावा, एवढीच त्याची अपेक्षा. आवाज फाटला की त्याला खपत नसे. रॉक अँड रोलचा तर त्याला मनापासून तिटकारा होता. त्या गोंगाटासाठी आपण यंत्रं बनवत नाही, अशी त्याची भूमिका. हे लक्षात ठेवा, कारण पुढे नियतीनं त्याची चांगलीच गंमत केली.

दरम्यान कॅलिफोर्नियात लिओ फेंडरनं १९५१ साली विजेवर चालणारी बास गिटार बाजारात आणली आणि १९५२ साली तिच्यासाठी ‘बासमन’ नावाचा अ‍ॅम्प्लिफायर काढला. बासपेक्षा साध्या गिटारवाल्यांनाच तो जास्त आवडला. लंडनच्या जिम मार्शलनं १९६० च्या दशकात आपला पहिला अ‍ॅम्प्लिफायर त्याच्याच धर्तीवर बनवला, आणि रॉक संगीताचा अर्धा इतिहास तिथून सुरू झाला. बासवाल्यांचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

तो सुटला १९६० साली. अ‍ॅम्पेगमध्ये जेस ऑलिव्हर नावाचा हुशार माणूस होता. त्यानं ‘बी-१५ पोर्टाफ्लेक्स’ बनवला. बंद पेटीत पंधरा इंची एकच स्पीकर, आणि पेटीच्या झाकणाला अ‍ॅम्प्लिफायर जोडलेला. वाजवायच्या वेळी झाकण उलटं केलं की व्हॉल्व्ह बाहेर येत. काम संपलं की पुन्हा उलटं करून ते पेटीच्या पोटात सुरक्षित. वर पारदर्शक पट्टीवर मालकाचं नाव कोरून घेता येई, आणि ते उजळूनही निघे. ‘पोर्टाफ्लेक्स’ या नावातच ‘नेता येण्याजोगा’ असा अर्थ दडलेला, पण उचलून नेण्याइतका हलका तो नव्हताच. त्याच्यासोबत चाकांची गाडी मिळत असे! न्यूयॉर्कच्या ध्वनिमुद्रण स्टुडिओंत तर तो कायमचाच ठेवलेला असे. वादकानं नुसतं वाद्य घेऊन यायचं.

बी-१५ ची ताकद होती अवघी पंचवीस-तीस वॅट. वादक जोरात वाजवू लागला की तो थकायचा, आणि थकला की आवाज किंचित फाटायचा. हलला जे नको होतं नेमकं तेच! आणि लोकांनी प्रेम केलं ते नेमकं त्याच आवाजावर. साठच्या दशकातल्या कितीतरी ध्वनिमुद्रिकांमधला तो गुबगुबीत, किंचित खरखरीत खर्ज या थकण्यातूनच आलेला आहे.

असं का व्हावं? यात थोडं विज्ञान आहे. ट्रान्झिस्टरवर पेलवणार नाही इतका भार पडला तर तो ध्वनिलहरीचा माथा कात्रीनं कापल्यासारखा कापतो. ते कानाला टोचतं. व्हॉल्व्ह त्याच माथ्याला हळूहळू गोल करतो. त्यात मूळ स्वराचे वरचे उपस्वर मिसळतात. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो, हे गाणं शिकणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. मिरजेचे कारागीर जवारी काढतात आणि आपण तारेखाली सुताचा दोरा सरकवतो, तेही हे उपस्वर खुलावेत म्हणूनच. काटेकोर इंजिनिअर म्हणेल की तारेनं घोडीला घासणं हा दोषच आहे. आपण त्याला तंबोऱ्याचा जीव म्हणतो. बासच्या बाबतीत व्हॉल्व्ह हीच जवारी आहे.

शिवाय याचा एक व्यावहारिक फायदाही आहे. हातात मावणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या चिमुकल्या स्पीकरमधून ४१ कंपनांचा स्वर बाहेर पडणं जवळजवळ अशक्य. पण त्याचे उपस्वर ऐकू आले, तर आपला मेंदू खालचा मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. म्हणजे थोडा ‘बिघडलेला’ बास छोट्या रेडिओवर स्वच्छ बासपेक्षा जास्त स्पष्ट ऐकू येतो.

अडचण होती वजनाची. शेवटच्या टप्प्यातले, स्पीकर हलवणारे मोठे व्हॉल्व्ह थेट स्पीकरला जोडता येत नाहीत. मध्ये लोखंड आणि तांब्याचा ट्रान्सफॉर्मर लागतो. आणि खर्ज जितका खालचा, ताकद जितकी जास्त, तितकं लोखंड जास्त. १९६९ साली अ‍ॅम्पेगनंच ‘एसव्हीटी’ काढला. तोवर हल कंपनी विकून बाहेर पडला होता. एसव्हीटीत चौदा व्हॉल्व्ह आणि तीनशे वॅट ताकद. रोलिंग स्टोन्सनी त्याच वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात तो वापरला, आणि मोठमोठ्या मैदानांवर प्रथमच बास छातीत जाणवू लागला. पण नुसत्या अ‍ॅम्प्लिफायरचंच वजन पस्तीस किलोंच्या वर, म्हणजे भरलेल्या गॅस सिलिंडरपेक्षा जास्त. आठ स्पीकरांची पेटी वेगळीच, ती साठ किलोंच्या पुढची. रोलिंग स्टोन्सकडे सामान उचलायला माणसं होती. लग्नसमारंभात, हॉटेलात, चर्चमध्ये वाजवणाऱ्या सामान्य वादकाकडे कोण होतं? तो स्वतःच जिने चढत होता. या पिढीतल्या बासवाल्यांची पाठदुखी हा विनोदाचा विषय झाला, पण ज्यांची पाठ दुखत होती त्यांना काही हसू येत नसणार.

हलकेपणाचा पहिला मोठा प्रयत्न १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या वॉल्टर वुड्सनं केला. हा माणूस हातानं एकेक यंत्र बनवायचा. बॅगेत मावणारा त्याचा अ‍ॅम्प्लिफायर जाझच्या बासवादकांना वरदानच वाटला. त्याचा आवाज स्वच्छ होता. व्हॉल्व्हचा नव्हता.

आणि इथे एक साधी गोष्ट कामी आली. वजन असतं ते मागच्या, स्पीकर हलवणाऱ्या टप्प्याचं. पुढच्या टप्प्यात, जिथे तारेचा क्षीण संदेश प्रथम मोठा होतो, तिथले व्हॉल्व्ह अंगठ्याएवढे असतात आणि त्यांना तो जड ट्रान्सफॉर्मर लागत नाही. मग पुढे व्हॉल्व्ह आणि मागे ट्रान्झिस्टर अशी जोडी का जमवू नये? अनेकांनी ती जमवली. नव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावच्या मेसा बूगी कंपनीनं ती ज्या रूपात आणली, त्याचं नाव ‘वॉकअबाउट’. मेसा ही रँडल स्मिथनं काढलेली कंपनी, व्हॉल्व्हच्या गिटार अ‍ॅम्प्लिफायरसाठीच नावाजलेली. वॉकअबाउटमध्ये पुढे खरे व्हॉल्व्ह, मागे मॉस्फेट जातीचे ट्रान्झिस्टर. ताकद एसव्हीटीइतकीच, तीनशे वॅट. आणि वजन तेरा पौंड, म्हणजे सहा किलोंच्या आत. एका हातात गिटार, दुसऱ्या हातात हा, आणि वादक लोकल गाडीतही बसू शकतो.

त्यावर दोन वेगवेगळी बटणं होती. एक पुढच्या व्हॉल्व्हवर किती भार टाकायचा ते ठरवणारं, दुसरं शेवटी बाहेर किती मोठा आवाज सोडायचा ते ठरवणारं. पहिलं वर, दुसरं खाली ठेवलं की हॉटेलातल्या गिऱ्हाइकांच्या गप्पा न मोडता व्हॉल्व्हचा रंग मिळे. बी-१५ ला हा रंग दाखवायला स्वतः थकावं लागत होतं. इथे तो हवा तेव्हा, हवा तेवढा मिळू लागला.

मग हे यंत्र बंद का पडलं? काळ त्याच्या पुढे निघून गेला, हेच खरं. ‘क्लास डी’ नावाचं तंत्र आलं. यात ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात, त्यामुळे उष्णतेत वाया जाणारी वीज फार थोडी. विजेचा पुरवठाही असाच वेगानं चालू-बंद करून घेता येतो, म्हणून ट्रान्सफॉर्मर आक्रसून काडेपेटीएवढा होतो. पाहता पाहता अडीच-तीन किलोंची, पाचशे ते नऊशे वॅटची यंत्रं दुकानात आली. त्यांच्यापुढे सहा किलोंचं वजन आणि तीनशे वॅट म्हणजे दोन्हीकडून हार. काही कंपन्या तर डेन्मार्कहून तयार आलेला मागचा भाग बसवत. पेट्यांवरची नावं वेगळी, पोटात यंत्र एकच! वॉकअबाउटचं उत्पादन २०१० च्या दशकात थांबलं. २०१५ मध्ये मेसानं ‘सबवे डी-८००’ आणला. त्यात क्लास डी होता, व्हॉल्व्ह नव्हता. तो बनवणारा अँडी फील्ड हा पूर्वी गेंझ बेंझ या कंपनीत होता. तिथल्या ‘स्ट्रीमलायनर’ या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये पुढे तीन व्हॉल्व्ह आणि मागे क्लास डी होता. तोही गाजला आणि तोही बंद पडला, कारण मूळ कंपनी २००७-०८ मध्ये फेंडरच्या मालकीची झाली आणि काही वर्षांनी गेंझ बेंझ हे नावच मिटवलं गेलं.

डी-८०० उत्तम चालला. तरी वॉकअबाउटवाले कुरकुरत राहिले, इतके की मेसानं पुढे वॉकअबाउटच्याच पुढच्या भागावर बेतलेला ‘डब्ल्यूडी-८००’ काढला. बंद केलेल्या मालाचं मन कंपनीनं स्वतःहून परत घरात आणावं, ही गोष्ट बाजारात वरचेवर घडत नाही. तरीही जुन्या सहा किलोंच्या पेटीचे काही मालक तिलाच चिकटून आहेत.

यात काही हौस आहे, काही आठवणींचा मोह आहे, हे मी नाकारत नाही. डोळे बांधून समोरच्या श्रोत्याला दोन्ही ऐकवले, तर किती जण फरक ओळखतील याची मला शंकाच आहे. पण प्रश्न श्रोत्याचा नसून वाजवणाऱ्याच्या बोटांचा आहे. स्वच्छ यंत्रावर तार जोरात छेडली की आवाज तितकाच उसळतो. भार दिलेल्या व्हॉल्व्हवर तो उसळत नाही, जाड होतो. बोट जोर लावतं आणि यंत्र किंचित मागे रेलतं. वादकाला त्यातून तबल्यावर हात टाकल्यासारखं उत्तर मिळतं. समोर बसलेल्याला हे कळत नाही. रात्री तीन तास वाजवणाऱ्याला मात्र पहिल्या मिनिटात कळतं, आणि तो त्याप्रमाणे आपला हात बदलतो. वर्षानुवर्षं असा बदललेला हात घेऊन दुसऱ्या यंत्राकडे जाणं सोपं नसतं. वॉटच्या आकड्यांत हे बसत नाही, आणि दुकानात पाच मिनिटं वाजवून बघणाऱ्यालाही ते सापडणार नाही.

व्हॉल्व्ह आता मिळतात तरी का, असं कोणी विचारेल. मिळतात. प्रामुख्यानं रशिया, चीन आणि स्लोव्हाकियातल्या मोजक्या कारखान्यांतून. २०२२ च्या मार्चमध्ये रशियानं निर्यातीवर बंधनं घातली, तेव्हा सारातोव्हच्या कारखान्यातला माल अडकला आणि जगभरच्या गिटारवाल्यांची झोप उडाली. भाव चढले. पुढे पुरवठा सुरू झाला. मोठे व्हॉल्व्ह वापरणाऱ्या एसव्हीटीच्या मालकांना असा प्रसंग फार महागात पडतो, कारण त्यांना अधूनमधून अख्खा संचच बदलावा लागतो. वॉकअबाउटमध्ये मोठे व्हॉल्व्ह नाहीतच. छोटे व्हॉल्व्ह सहसा कितीतरी वर्षं टिकतात, आणि गेले तर हातानं ओढून काढून दुसरे बसवता येतात. गिटारच्या पिशवीच्या कप्प्यात कागदात गुंडाळून एखादा जास्तीचा ठेवला की झालं.