अधिकाराकडून अर्थाकडे : सदाशिव पेठेतील स्त्री-पौरोहित्याची वाटचाल

पुण्यात आज एखाद्या घरी वास्तुशांत असली आणि पूजा सांगायला बाई आल्या, तर कुणी वळून बघत नाही. चौरंग मांडला जातो, सुपाऱ्या-विड्याची पानं लागतात, ताम्हण-पळी समोर येते आणि संकल्प सुरू होतो. हा सहजपणा आपोआप आलेला नाही. त्यामागे जवळपास पन्नास वर्षांचं काम आहे आणि त्या कामाची दोन मुख्य ठिकाणं सदाशिव पेठेतच, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. एक उद्यान प्रसाद मंगल कार्यालय आणि दुसरं ज्ञान प्रबोधिनी. ही वाटचाल लिहून ठेवायला हवी, कारण धर्म आणि बाई यांच्या नात्याबद्दलचे कितीतरी प्रश्न इथे प्रत्यक्ष पाटावर सोडवले गेले. काही प्रश्न अजून तिथेच बसून आहेत.

आधीचं शतक

या प्रश्नाला पुण्यात जुनी मुळं आहेत. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात भटजीविना लग्न लावून दाखवलं. १८८७ साली त्यांनी समाजाच्या पूजाविधींची पुस्तिका मंगलाष्टकांसह छापली. त्या मंगलाष्टकांत वधू गप्प नाही. ती वराशी बोलते आणि स्त्रियांच्या हक्कांची मागणी करते. मांडवात मुलीला तिच्या स्वतःच्या तोंडून बोलायला लावणारा हा विधी पुण्यातच जन्मला.

१८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. त्यांच्या वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगरे यांनी, पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं म्हणून शास्त्रीमंडळींचा रोष ओढवून घेतला होता. रमाबाई शास्त्र आईकडून शिकल्या. त्याच १८८२ साली ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ पुण्यात छापलं गेलं. बाईसाठी एक धर्म आणि पुरुषासाठी दुसरा हे कसं, असा रोखठोक सवाल त्यात होता. ताराबाईंनी शास्त्रकर्त्यांना जाब विचारला. रमाबाईंनी शास्त्र वाचलं आणि शेवटी तो धर्मच सोडला. धर्माच्या आत राहून पोथी हातात घेण्याची तिसरी वाट त्या काळात बायकांना मोकळी नव्हती.

थत्ते मामांचा वर्ग

ती वाट १९७० च्या दशकाच्या मध्यात उघडली. उद्यान प्रसाद कार्यालयाचे शंकरराव थत्ते, म्हणजे पेठेतले थत्ते मामा, यांनी बायकांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली. शंकर सेवा समितीच्या वर्गात येणाऱ्या बहुतेक जणी ब्राह्मण घरांतल्या मध्यमवयीन गृहिणी होत्या, मुलं मोठी झालेल्या, हाताशी दुपार मोकळी असलेल्या.

असा वर्ग नुसता बघितला तरी त्यातले कष्ट कळतात. वहीत उतरवलेल्या मंत्राच्या काही अक्षरांखाली आडवी रेघ असते, तिथे स्वर खाली घ्यायचा. काही अक्षरांच्या डोक्यावर उभी रेघ असते, तिथे वर चढवायचा. श्वास कुठे तोडायचा याच्या पेन्सिलीने केलेल्या खुणा वेगळ्या. जोडाक्षर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. जे शिक्षण वेदपाठशाळेत मुलगे लहानपणी घेतात, ते या बायकांनी चाळिशी-पन्नाशीत, घरचा स्वयंपाक उरकून घेतलं.

आक्षेप तिन्ही बाजूंनी आले. बाईची मुंज होत नाही, मग वेदाचा अधिकार कुठून? मासिक पाळीचं काय? आणि बाईच्या गळ्याला हे स्वर झेपतील का? पहिल्या आक्षेपाचं उत्तर धर्मशास्त्रातच होतं. पां. वा. काण्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात हारीताचं वचन नोंदवलं आहे. हारीत स्त्रियांचे दोन वर्ग सांगतो, ब्रह्मवादिनी आणि सद्योवधू. पहिलीला उपनयन, अग्नी आणि वेदाध्ययन आहे. पुढे मनुस्मृतीने विवाह हाच बाईचा उपनयनाच्या जागी असलेला संस्कार ठरवला आणि पतिसेवा हा तिचा गुरुगृहवास. म्हणजे दार मुळातच नव्हतं असं नाही. ते नंतर बंद केलं गेलं. महाराष्ट्रातच साकोरीला उपासनी महाराजांच्या आश्रमात कन्या यज्ञयाग करत आल्या होत्या. १९४१ साली महाराज गेल्यावर गोदावरी मातांनी ती परंपरा चालवली. थत्ते मामांनी आश्रमातली ही गोष्ट मध्यमवर्गीय घराच्या दिवाणखान्यात आणली, हे त्यांचं मोठेपण.

पाळीच्या आक्षेपाकडे शेवटी येऊ. तिसऱ्या आक्षेपाचं उत्तर बायकांच्या गळ्यांनीच दिलं. ऋषिपंचमीला पहाटे दगडूशेठ गणपतीसमोर हजारो बायका एका सुरात अथर्वशीर्ष म्हणतात, ते ऐकल्यावर तो आक्षेप उरत नाही.

लोकांनी या बायकांना पटकन स्वीकारलं त्याची कारणंही नोंदवायला हवीत. वेळेवर येतात, उच्चार स्वच्छ असतात, घाई करत नाहीत, दक्षिणेवरून घासाघीस करत नाहीत. या कौतुकातला शेवटचा मुद्दा मला टोचतो. बाईने श्रम करावेत आणि मोबदला मागू नये, ही घरातली जुनी अपेक्षाच तिच्यामागून मांडवात येते. पौरोहित्य हे कौशल्याचं काम आहे. ते पुरुषाने केलं तर व्यवसाय आणि बाईने केलं तर सेवा, हा हिशेब बरोबर नाही.

५१०, सदाशिव पेठ

दुसरं ठिकाण ज्ञान प्रबोधिनी. आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली बुद्धिमान मुलांच्या शिक्षणासाठी ही संस्था सुरू केली. मुलींची प्रशाला १९७५ साली सुरू झाली. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत मुलींच्या हाती ढोल आणि बरच्या देणाऱ्या पहिल्या संस्थांमध्ये प्रबोधिनी होती. प्रशालेत मुंजीच्या जागी विद्याव्रत संस्कार आला. आठवीच्या वयाची मुलं आणि मुली तो बरोबरीने घेतात. शिकण्याचं व्रत फक्त मुलग्याच्या खांद्यावर, ही शतकांची रीत इथे शाळेच्या सभागृहात मोडली गेली.

संस्थेच्या संस्कृत संस्कृती संशोधिकेने, म्हणजे संत्रिकेने, यशवंतराव लेले यांच्या मार्गदर्शनाखाली संस्कारांच्या नव्या पोथ्या घडवल्या. त्यामागे लोणावळ्याच्या धर्मनिर्णय मंडळाचा वारसा होता. रघुनाथशास्त्री कोकजे आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारख्या पंडितांनी १९३० च्या दशकापासून तिथे संस्कारांची काळाला धरून फेरमांडणी आरंभली होती. प्रबोधिनीने ती शहरातल्या घराघरांत नेली. पौरोहित्याचे वर्ग सुरू झाले आणि त्यांत जातीची अट ठेवली नाही, स्त्री-पुरुष भेदही नाही. तिथे शिकलेल्या बायका वास्तुशांत, साठीशांत, बारसं आणि लग्नं सांगतात, अंत्यसंस्कार आणि श्राद्धही करतात. ज्या बायकांना स्मशानात पाऊल टाकायला मज्जाव होता, त्या तिथे विधी सांगायला उभ्या राहतात. ही घटना लहान नाही.

प्रबोधिनीच्या पद्धतीतली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळीच आहे. संस्कृत मंत्रानंतर त्याचा अर्थ मराठीत मोठ्याने सांगितला जातो आणि जमलेली मंडळी पोथी हातात घेऊन मंत्र एकत्र म्हणतात. अर्थ ऐकू येऊ लागला आणि सगळं चित्र बदललं.

मांडवात अर्थ ऐकू आला तेव्हा

पारंपरिक कन्यादान जवळून बघा. वधूची आई झारीने पाण्याची धार धरते. ती वडिलांच्या हातावरून वधूवरांच्या ओंजळीत आणि तिथून खालच्या काशाच्या पात्रात पडते. दात्याच्या संकल्पात त्याच्या पूर्वजांना सद्गती मिळावी आणि त्याला स्वतःला ब्रह्मलोक मिळावा, असा हेतू आहे. धर्म, अर्थ आणि काम यांत हिला डावलणार नाही, असं वचन वर देतो. वचन मागणारा वधूपिता, देणारा वर. जिच्याबद्दल हे सगळं चाललं आहे तिला या संवादात एकही वाक्य नाही. संस्कृत कळत नव्हतं तोवर ही धार आणि तो आवाज डोळ्यांत पाणी आणत. अर्थ मराठीत ऐकल्यावर मांडवातली एखादी मुलगी आईला विचारतेच, मला देतायत म्हणजे काय?

कोलकात्यात नंदिनी भौमिक आणि त्यांच्या सहकारी पुरोहित बायका कन्यादान वगळून लग्नं लावतात. मार्च २०२४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने हिंदू विवाह कायद्यानुसार कन्यादान आवश्यक नसल्याचं स्पष्ट केलं. तरीही आपल्याकडच्या असंख्य मांडवांत तो विधी चालू आहे, आणि कधीकधी तो सांगणारी बाईच असते.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या ८५ व्या सूक्तात लग्नाचे मुख्य मंत्र आहेत. परंपरा या सूक्ताचं ऋषित्व सूर्या सावित्री या स्त्रीला देते. ज्या मंत्रांनी शतकानुशतकं पुरुषांनी लग्नं लावली ते परंपरेच्याच मते बाईचे, हे किती जणांना सांगितलं गेलं? याच सूक्तात नववधूला सासरी सम्राज्ञी हो म्हटलं आहे आणि याच सूक्तात तिला दहा पुत्र व्हावेत अशी प्रार्थनाही आहे. पुंसवन संस्कार तर मुलगाच व्हावा म्हणून आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर १,००० मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. अशा राज्यात दहा पुत्रांचा आशीर्वाद बाईच्या गोड गळ्यातून आला तरी तो निरुपद्रवी ठरत नाही.

मंदिराच्या पायरीवरची लढाई

पुण्याच्या स्त्री चळवळीने हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने घेतला. ‘मिळून साऱ्याजणी’ मासिकाच्या संस्थापक-संपादक विद्या बाळ यांनी नीलिमा वर्तक यांच्यासह शनिशिंगणापूरच्या शनी मंदिरातल्या बायकांच्या प्रवेशाबद्दल मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. १ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने सांगितलं की मंदिरात जाणं हा स्त्रीचा मूलभूत हक्क आहे. मंदिरप्रवेशाचा १९५६ चा राज्याचा कायदा आधीपासून होताच, सरकारने तो पाळायचा होता. ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, शनीचा चौथरा बायकांना खुला झाला. ऑगस्टमध्ये हाजी अलीच्या दर्ग्याबद्दलही तसाच निकाल आला. ती याचिका भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या नूरजहाँ साफिया नियाज आणि झकिया सोमण यांची होती. मुस्लिम स्त्रियांच्या हक्कांच्या प्रश्नालाही पुण्यात जुनी मुळं आहेत. हमीद दलवाईंनी १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ इथेच स्थापन केलं होतं.

प्रबोधिनी स्वतःला स्त्रीवादी संस्था म्हणवत नाही आणि विद्याताईंच्या परंपरेतल्या अनेकींना पूजाविधींत रस नाही. या दोघींत अंतर आहे. पौरोहित्य शिकून बाई जुन्याच व्यवस्थेला नवा आवाज पुरवते, हा स्त्रीवादी आक्षेप मला गंभीर वाटतो. पण पोथी हातात न घेता तिच्यातलं काय बदलायचं ते ठरवता येत नाही. दार उघडणारीला आणि आत जाऊन मजकूर वाचणारीला एकमेकींची गरज आहे.

पुढची पावलं

पहिल्या पिढीने म्हणण्याचा अधिकार मिळवला. १९९४ साली पुरीच्या शंकराचार्यांनी कोलकात्यात एका स्त्रीला जाहीर वेदपठण करू दिलं नव्हतं. त्याच काळात सदाशिव पेठेतल्या बायका घरोघरी रुद्र म्हणत होत्या. दुसऱ्या पिढीने अर्थ सांगायला सुरुवात केली. २०१४ साली पंढरपूरच्या मंदिर समितीने सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून पुजारीपदासाठी अर्ज मागवले, तेव्हा हा प्रश्न घरातून देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत पोहोचला होता.

आता काम तिसऱ्या पिढीचं आहे. अर्थ सांगितल्यावर जे पटत नाही ते बदलण्याचा अधिकार तिने घ्यायचा आहे. विधवा आईला लेकीच्या लग्नात विधीला बसवायचं. पाळीच्या दिवसांत पुरोहित बाईने काम करायचं की नाही हे तिने स्वतः ठरवायचं. श्राद्ध लेकीने करायचं आणि तिथे तिच्या सासरच्या गोत्राची अडचण काढायची नाही. दहा पुत्रांऐवजी निरोगी, शिकलेली आणि स्वतंत्र अशी लेकरं मागायची, मुलगी असो वा मुलगा. वचन दोघांनीही द्यायचं. हे सगळं पुण्यात कुठे ना कुठे घडतं आहे, पण यजमानांनी मागितलं तर. ते पोथीतच छापलेलं असावं आणि कुणाला मागावं लागू नये. पोथी कुणी ठरवायची त्या बैठकीत जितके पुरुष तितक्याच बायका असाव्यात.

यात यजमानांचाही वाटा आहे. लग्न ठरलं की आपण कार्यालय, जेवण आणि फोटो यांची चौकशी महिनोन् महिने करतो. त्याच वेळी पुरोहितांकडे जाऊन, मग त्या बाई असोत की गुरुजी, कोणते मंत्र म्हणणार आणि त्यांचा अर्थ काय, हे वधू आणि वर दोघांनी बसून विचारावं. ज्याचा अर्थ मुलीच्या तोंडावर सांगायची लाज वाटते, तो मंत्र तिच्या लग्नात म्हणू नये.