हरलो, आता तू सांग

'उखाणा' म्हटलं की आज लग्नघर डोळ्यांपुढे येतं. नवी नवरी, भोवती बायकांचा घोळका आणि 'नाव घे, नाव घे' असा धोशा. पण उखाणा या शब्दाचा जुना अर्थ कोडं असा आहे. शेजारच्या गुजरातीत 'उखाणुं' म्हणजे आजही कोडंच. हिंदीत त्याला पहेली म्हणतात. फारसीतला शब्द तर मोठा गमतीचा आहे. 'चीस्त आन' म्हणजे 'ते काय आहे?' आणि या प्रश्नाचंच नाम होऊन 'चीस्तान', म्हणजे कोडं, असा शब्द तयार झाला. नाव घेण्याच्या आपल्या उखाण्यातही जुन्या कोड्याची खूण राहिली आहेच. नाव सरळ सांगायचं नाही, थोडं लपवायचं, थोडं दाखवायचं आणि ऐकणाऱ्याला ताटकळत ठेवायचं.

मुलांबरोबर बसून खेळायच्या अशाच प्रश्नांच्या खेळांविषयी आज बोलायचं आहे. या खेळांना स्क्रीन लागत नाही, वीज लागत नाही, पैसा लागत नाही. लागतात ती फक्त दोन माणसं, त्यांतलं एक लहान असलं तर उत्तम.

हे खेळ किती जुने असावेत? ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात दीर्घतमस ऋषींच्या नावावर एक मोठं सूक्त आहे, एकशे चौसष्टावं. त्यातल्या कितीतरी ऋचा म्हणजे कोडीच आहेत. बारा आऱ्यांचं एक चाक आणि त्यावर जोडीजोडीने उभे असलेले ७२० मुलगे असं एक चित्र त्यात येतं. चाक म्हणजे वर्ष, आरे म्हणजे महिने आणि मुलगे म्हणजे ३६० दिवस व ३६० रात्री. पुढे अश्वमेध यज्ञात ऋत्विज एकमेकांना असे प्रश्न विचारत. एकटा फिरणारा सूर्य, पुन्हापुन्हा जन्मणारा चंद्र, थंडीवरचं औषध अग्नी, अशी त्यांची उत्तरं. हीच प्रश्नोत्तरं नंतर महाभारताच्या वनपर्वात, तळ्याकाठी यक्षाने युधिष्ठिराला घातलेल्या प्रश्नांत सापडतात. यज्ञमंडपातलं कोडं गोष्टीत आलं आणि गोष्टीतून घराघरांत पोचलं.

या जुन्या कथांमध्ये एक गोष्ट मात्र सारखी आहे. हरणाऱ्याची किंमत भयंकर. यक्षाचं न ऐकता पाणी पिणारे चौघे भाऊ तळ्याकाठी निपचित पडतात. ग्रीक कथेतली स्फिंक्स उत्तर न देणाऱ्याला मारून टाकते. विक्रम राजाला वेताळ बजावतो की उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर तुझं मस्तक फुटेल, आणि राजा बोलला की वेताळ पुन्हा झाडावर! प्रश्न विचारणारा नेहमी बलवान आणि उत्तर देणारा कायम कचाट्यात.

दरबारात आणि रसिकांच्या बैठकीत आल्यावर कोडं जरा सौम्य झालं. वात्स्यायनाने सांगितलेल्या चौसष्ट कलांत 'प्रहेलिका', म्हणजे कोडी घालण्याची कला आहे. 'प्रतिमाला' म्हणजे आपल्या भेंड्यांची आजी, तीही त्या यादीत आहे. दंडी हा काव्यशास्त्रकार सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास होऊन गेला. 'काव्यादर्श' या ग्रंथात त्याने प्रहेलिकेचे सोळा प्रकार समजावून सांगितले आणि तिचे उपयोगही नोंदवले. मित्रांच्या बैठकीत करमणूक व्हावी, चारचौघांत गुपित बोलता यावं आणि समोरच्याला चकवता यावं. घरात दोन भावंडं आईसमोर खुणेच्या भाषेत बोलतात तेव्हा ती दंडीचाच दुसरा उपयोग अमलात आणत असतात.

मग येतो अमीर खुसरो. काळ १२५३ ते १३२५. निजामुद्दीन औलियांचा शिष्य, फारसीतला थोर कवी. त्याच्या नावावर हिंदवीतल्या शेकडो पहेल्या सांगितल्या जातात. त्यांतल्या नेमक्या किती त्याच्या, यावर अभ्यासकांचा वाद आहे, कारण त्या शतकानुशतकं तोंडीच चालत आल्या. आपण काही हिंदवी रचना मित्रांना वाटून टाकल्या, असं मात्र त्याने स्वतःच आपल्या एका संग्रहाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं आहे. या पहेल्यांत 'बूझ पहेली' असते, तिचं उत्तर कोड्याच्या शब्दांतच दडलेलं असतं. 'बिन-बूझ' पहेलीत ते बाहेरून शोधावं लागतं. 'दो सुखने' या प्रकारात दोन वेगळे प्रश्न आणि दोघांचं मिळून एक उत्तर. नासलेलं पान, अडलेला घोडा आणि करपलेली भाकरी, या सगळ्यांचं कारण एकच, फिरवलं नाही. हे कोडं मराठी मुलाने बिरबलाच्या नावावर ऐकलेलं असतं, उत्तरेत ते खुसरोच्या नावावर चालतं. कोड्याला मालक नसतो. आमच्या घरी दखनी बोलली जाई, भिंतीपलीकडे मराठी. इकडची पहेली दुपारी तिकडे जाई आणि संध्याकाळी उखाणा होऊन परत येई. भाषा बदलताना तिचा यमक मोडे, पण गंमत शाबूत राही.

आता एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. जुन्या कोड्यांचा सगळाच साठा मुलांपुढे ठेवण्याजोगा नाही. खुसरोच्या नावावरच्या 'कहमुकरनी' या प्रकारात एक मैत्रीण दुसरीला अशा खुबीने वर्णन ऐकवते की ऐकणारीला वाटावं, ही प्रियकराविषयीच बोलते आहे. शेवटी उत्तर निघतं पंखा किंवा दिवा! मोठ्यांच्या मैफलीत ते शोभून दिसतं. आपल्याकडेही ऐकायला चावट आणि उत्तराला साधी अशी कोडी आहेत. ती मोठ्यांत चालत आणि पोरं आली की बंद होत. याहून वाईट कोडी निराळीच. कुणाच्या रंगावर, कुणाच्या व्यंगावर, जातीवर, धर्मावर, विधवेच्या कपाळावर हसणारी. त्यांत वावगा शब्द एकही नसतो, तरी ती घाण असतात. दंडीने सोळा प्रकार वर्णिले, पण पूर्वसूरींनी मोजलेल्या चौदा सदोष प्रहेलिका त्याने वर्णनाशिवायच सोडून दिल्या. त्याच्या मनात रचनेचे दोष होते. आपण घरापुरती आणखी एक गाळणी लावावी. ज्याच्यावर कोडं आहे, तो समोर बसलेला असता तरी हे कोडं घातलं असतं का? उत्तर 'नाही' असेल तर ते कोडं मुलाच्या कानावर जाऊ देऊ नये. कोड्याने शब्दांत फसवावं, माणसाला दुखवू नये.

महाराष्ट्राच्या घरात प्रश्नांचा सर्वांत गोड खेळ कुठला, असं विचाराल तर मी भोंडल्याची खिरापत म्हणेन. आश्विनात पाटावर हत्ती मांडून मुली फेर धरतात. गाणी संपली की झाकलेला डबा समोर येतो. आत काय आहे ते ओळखायचं. गोड की तिखट? तळलेलं की भाजलेलं? डबा हलवून आवाज ऐकवायचा, पण झाकण उघडायचं नाही. विदर्भ-खानदेशातल्या भुलाबाईच्या खेळातही हे ओळखणं आहे. इथे डब्याची मालकीण एखादी आठ-दहा वर्षांची पोर असते. तिच्या आईने काय केलं आहे ते तिला ठाऊक असतं. भोवतीच्या मोठ्या मुली आणि काकू-मावश्या अंदाज बांधत राहतात, आणि ती प्रत्येक वेळी मान हलवून 'नाही' म्हणते. त्या वेळचा तिचा चेहरा पाहावा!

हाच खेळ पाश्चात्त्य देशांत दिवाणखान्यात खेळला जात असे. मनात एक वस्तू धरायची आणि इतरांनी वीस प्रश्नांत ती ओळखायची. उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही'. अमेरिकेत १९४६ मध्ये तो रेडिओवर आला. १९४७ मध्ये बीबीसीने तो घेतला आणि १९७६ पर्यंत चालवला. त्यात एक सुंदर युक्ती होती. स्टुडिओतल्या जाणकारांना उत्तर माहीत नसे, पण घरी बसलेल्या श्रोत्यांना एक आवाज ते हळूच सांगून टाकी. जाणकार भलतीकडे भरकटले की घरातलं लहान पोरही हसे, कारण त्याला ठाऊक असलेलं त्या पंडितांना ठाऊक नसे.

वीसच प्रश्न पुरतात कसे? हिशेब सोपा आहे. चांगला प्रश्न शक्यतांचे दोन सारखे भाग करतो. एका प्रश्नाने दोनांतलं एक निवडता येतं, दोन प्रश्नांनी चारांतलं, तिसऱ्याने आठांतलं. दहा प्रश्नांत १,०२४ वस्तूंतली एक आणि वीस प्रश्नांत १०,४८,५७६ वस्तूंतली एक सापडते. 'तो आंबा आहे का?' हा वाया जाणारा प्रश्न. 'ते झाडाला लागतं का?' हा कामाचा प्रश्न. फळा-खडू न घेता मूल हे तर्कशास्त्र चार संध्याकाळींत शिकतं.

प्रश्नांचा खेळ पुढे स्पर्धा झाला. १९७२ मध्ये आपल्याकडे रेडिओवर बोर्नव्हिटा क्विझ सुरू झाली आणि शाळकरी मुलांना ज्ञानाची गोडी लागली. जुलै २००० मध्ये 'कौन बनेगा करोडपती' आलं आणि प्रश्नाला रुपयांचा भाव मिळाला. या कार्यक्रमांनी माहिती वाढवली यात शंका नाही. पण तिथे प्रश्न एकाच दिशेने जातो. समोरच्या खुर्चीतल्या माणसाने उलट विचारायचं नसतं. शाळेतली परीक्षा तशीच. पाहुणे येतात, मुलाला बोलावतात, 'पंधराचा पाढा म्हण बघू' म्हणतात, तोही यक्षच. मुलाच्या वाट्याला दिवसभरात किती प्रश्न येतात ते मोजावं, आणि त्यांतले किती त्याने विचारले तेही मोजावं.

हदीसमध्ये एक प्रसंग आहे. सहीह बुखारीच्या ज्ञानाविषयीच्या भागात तो येतो. पैगंबर हजरत मुहंमद (स.) यांनी सोबत्यांना कोडं घातलं की असं एक झाड आहे, ज्याची पानं गळत नाहीत आणि जे श्रद्धावंतासारखं आहे. ते कोणतं? सगळे रानावनातली झाडं आठवू लागले. तिथे हजरत उमर यांचा मुलगा अब्दुल्ला होता, वयाने लहान. त्याच्या मनात आलं, खजूर. पण समोर अबू बक्र आणि स्वतःचे वडील यांच्यासारखे ज्येष्ठ गप्प बसलेले. त्याला संकोच वाटला आणि तो बोलला नाही. उत्तर खजूरच निघालं. नंतर त्याने ही गोष्ट वडिलांना सांगितली. उमर यांनी त्याच्या संकोचाचं कौतुक केलं नाही. तू बोलला असतास तर मला ते अमुक-तमुक संपत्तीहून प्रिय झालं असतं, अशा अर्थाचं ते बोलले.

मला ही कथा फार मोलाची वाटते. उत्तर मुलाजवळ होतं. ते त्याच्या ओठावर येऊ दिलं नाही ते मोठ्यांच्या नुसत्या असण्याने. आपल्या घराघरांतून असे किती अब्दुल्ला गप्प बसलेले असतील! कोड्याचा खेळ त्यांच्यासाठी आहे. खेळात वयाला मान नसतो. आजोबा हरू शकतात. आणि 'हरलो, आता तू सांग' हे वाक्य वडीलधाऱ्याच्या तोंडून ऐकणं ही लहान मुलाला मिळणारी फार मोठी भेट आहे. तो दिवस त्याच्या लक्षात राहतो. वर्गात हात वर करण्याचं बळ असल्याच दिवसांतून येतं.

म्हणून घरी खेळताना दोन-तीन नियम पाळावेत. पाळी सारखी फिरली पाहिजे. मुलाने एक विचारायचं, आपण एक. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. वाद झाला तर उत्तर शोधायला तो हाती घेण्याचा मोह होतो, पण उत्तर खिशातून बाहेर आलं की खेळ तिथेच संपतो. त्यापेक्षा 'उद्या शोधू' म्हणावं. रात्रभर मनात राहिलेला प्रश्न सकाळी स्वतःच उठवतो. आणि हरणाऱ्याला शिक्षा नाही, जिंकणाऱ्याला बक्षीस नाही.

जुनी कोडी अडतात ती वस्तूंपाशी. 'खातं दाणे, पोट नाही, देतं पीठ, हात नाही' असं मी नातवंडांच्या वयाच्या मुलांना विचारलं तर जातं कुणी पाहिलेलंच नसतं. मोट, कंदील, पाटा-वरवंटा, वस्तू गेली की तिच्यावरचं कोडंही निघून जातं. मग मुलांनाच नवी कोडी करायला सांगावं. कुकरवर, फ्रिजवर, लिफ्टवर, शाळेच्या बसवर. एक साम्य शोधायचं आणि एक अडसर घालायचा. खातं पण पोट नाही, इतकंच तंत्र आहे. दोन प्रश्नांचं एक उत्तरही करून पाहावं. रोपटं का वाळलं, पाहुणा का रागावला? पाणी दिलं नाही! मूल अशी दोन-चार कोडी करील आणि त्यांतलं एखादं आपल्याला खरोखर येणार नाही. तेव्हा खेळ जमला असं समजावं.

निरोप घेण्यापूर्वी माझं एक कोडं:

तोंड नाही, तरी बोलतो,
डोळे नाहीत, जग सांगतो,
कान पिळला की गप्प बसतो,
पुन्हा पिळला की गाऊ लागतो.

उत्तर मी सांगत नाही. घरातल्या सर्वांत लहान माणसाला विचारा, आणि त्याने उलट काही विचारलं तर हरायची तयारी ठेवा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)